सारी मते एका उमेदवाराला : स्वतंत्र मजूर पक्ष आणि १९३७ ची निवडणूक

महाराष्ट्रातील पुरोगामी राजकारणाचा इतिहास लिहिताना चळवळ आणि निवडणूक यांना दोन निराळ्या दालनांत ठेवण्याची प्रथा पडली आहे. पहिल्या दालनात सत्याग्रह, परिषदा, मोर्चे आणि त्यागाच्या कथा येतात, तर दुसऱ्याकडे तडजोडीचा आणि जातींच्या बेरजेचा व्यवहार म्हणून काहीशा नाखुशीनेच पाहिले जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ऑगस्ट १९३६ मध्ये स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या बाबतीत ही विभागणी टिकत नाही. हा पक्ष जन्मास आला तो निवडणुकीसाठीच. जन्मानंतर जेमतेम सहा महिन्यांत तो मतदारांपुढे गेला आणि मुंबई प्रांतात उभ्या केलेल्या १७ उमेदवारांपैकी १४ निवडून आणून त्याने सर्वांना चकित केले. हे यश एकट्या नेत्याच्या तेजाच्या खात्यावर टाकले जाते. ते तेज निर्विवादच होते. परंतु त्या तेजाचे मतपेटीत रूपांतर कसे झाले, हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो, आणि त्याचे उत्तर बहुतांशी निवडणूक कायद्याच्या कलमांत आणि वाड्या-चाळींतील कार्यकर्त्यांच्या कामात सापडते.

१९३५ च्या भारत सरकार कायद्याने प्रांतांना मर्यादित स्वायत्तता दिली आणि मतदारांची संख्या वाढवली. तरीही हे मतदान सार्वत्रिक नव्हते. शेतसारा, घरभाडे, शिक्षण अशा अटींतून पार पडलेल्यांनाच मताचा अधिकार होता आणि प्रौढांपैकी बहुसंख्य लोक यादीबाहेरच राहिले. अनुसूचित जातींसाठी या अटी काही प्रमाणात सैल करण्यात आल्या होत्या. मुंबई प्रांतात कनिष्ठ गावकामगाराचे काम प्रत्यक्ष करणाऱ्या अनुसूचित जातीच्या व्यक्तीला त्या कामाच्या आधारावर मतदार होता येत असे. कनिष्ठ गावकामगार म्हणजे मुख्यतः महार वतनदार. सरकारी खलिते पोचवणे, दौऱ्यावरील अधिकाऱ्यांची सरबराई करणे, शिवेच्या तंट्यात साक्ष देणे आणि पाटील-कुलकर्णी हाक मारतील तेव्हा हजर होणे, ही कामे त्याला अत्यल्प मोबदल्यात, नाममात्र जमिनीच्या आणि बलुत्याच्या बोलीवर रात्रंदिवस करावी लागत. आंबेडकर ज्या वतनाला गुलामगिरी म्हणत होते आणि जे मोडण्यासाठी त्यांनी १९२८ मध्येच विधेयक आणले होते, त्याच वतनाच्या सरकारी कागदावरील नोंदीने अनेक महारांना मतदार केले. इतिहासात असे विरोधाभास नेहमी सापडत नाहीत. व्यवस्थेने ज्या वहीत बिगारीची नोंद ठेवली, तीच वही व्यवस्थेविरुद्धच्या मतदानाचा पुरावा ठरली.

मात्र मतदारयादीत नाव लागल्याने उमेदवार निवडून येतो असे नाही. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने अस्पृश्यांचे स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि त्यांच्या जागी संयुक्त मतदारसंघांतील राखीव जागा आल्या. स्वतंत्र मतदारसंघात फक्त अस्पृश्य मतदारांनीच आपला प्रतिनिधी निवडला असता. संयुक्त मतदारसंघात मात्र राखीव जागेवरील अस्पृश्य उमेदवारालाही सर्व हिंदू मतदार मत देणार होते. कराराने त्यात प्राथमिक निवडणुकीची सोय ठेवली होती. एखाद्या राखीव जागेसाठी चारांहून अधिक उमेदवार असतील, तर आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी चौघांची निवड करायची आणि मग त्या चौघांतून सर्वांनी मिळून एकाला निवडायचे. यातील मेख आंबेडकरांच्या ध्यानात फार आधी आली होती. प्राथमिक फेरीत अस्पृश्य मतदारांनी ज्याला चौथ्या क्रमांकावर ठेवले, तोच अंतिम फेरीत सवर्ण मतांच्या बळावर पहिला येऊ शकत होता, आणि असा प्रतिनिधी कायदेमंडळात कोणाचे ऐकेल हे सांगण्यास भविष्यवेत्त्याची गरज नव्हती.

या पेचातून वाट निघाली ती मतदानाच्या पद्धतीतून. मुंबई प्रांतातील राखीव जागांचे मतदारसंघ एकाहून अधिक जागांचे होते आणि जितक्या जागा तितकी मते प्रत्येक मतदाराला मिळत. आता तीन जागांच्या मतदारसंघातील तीन मते तीन वेगवेगळ्या उमेदवारांना एकेक करूनच द्यायची, की मतदाराच्या इच्छेनुसार तिन्ही एकालाच दिली तरी चालतील, हा वरवर तांत्रिक वाटणारा प्रश्न होता. पहिल्या पद्धतीला विभागणीचे मतदान म्हणता येईल आणि दुसरीला एकवटलेले मतदान. आंबेडकरांचा आग्रह दुसऱ्या पद्धतीसाठी होता आणि मुंबई प्रांतात तीच लागू झाली. अल्पसंख्य गटाच्या दृष्टीने या दोहोंतील अंतर जमीन-अस्मानाचे होते. शंभर मतदारांनी आपली तिन्ही मते एकाच नावापुढे टाकली, तर त्या उमेदवाराच्या पारड्यात तीनशे मते पडत. दुसऱ्या पद्धतीत शंभरच पडली असती आणि उरलेली दोनशे प्रतिस्पर्ध्यांत वाटली गेली असती किंवा वाया गेली असती. सवर्ण मतदार आपली मते सर्वसाधारण जागांवरील उमेदवारांसाठी राखून ठेवण्याची शक्यता अधिक असल्याने, राखीव जागेचा निकाल अस्पृश्य मतदारांच्या एकजुटीवर ठरण्याची संधी निर्माण झाली. अर्थात ती केवळ संधी होती. मोह, दडपण किंवा भिडेपोटी मतदाराने एक मत पाटलाच्या माणसाला दिले असते, तर सारे गणित कोसळले असते.

म्हणूनच पक्षाच्या कार्यकर्त्यांचे खरे काम भाषण देण्याचे नव्हते, तर गणित शिकवण्याचे होते. अक्षरओळख नसलेल्या मतदाराला ‘तुझी मते वाटू नकोस’ एवढे एकच वाक्य पटवायचे होते, आणि तेही अशा गावात जिथे महारवाड्याचे रोजचे जगणे गावाच्या मर्जीवर अवलंबून होते. या शिकवणुकीसाठी नवी यंत्रणा उभारण्यास वेळ नव्हता आणि पैसाही नव्हता. यंत्रणा आधीच होती. ती निवडणुकीसाठी उभारलेली नव्हती, एवढेच. १९२७ च्या महाड सत्याग्रहाने कुलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांत कार्यकर्त्यांचे जाळे विणले होते. नाशिकमध्ये २ मार्च १९३० रोजी सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाने, मंदिराचे दार उघडले नाही तरी, भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड यांच्यासारखे संघटक घडवले, आणि दीर्घकाळ चाललेल्या त्या लढ्यात कोणत्या गावात कोणाच्या शब्दाला वजन आहे हे त्यांना तोंडपाठ झाले. समता सैनिक दलाच्या तरुणांना सभेची शिस्त राखण्याचा सराव होता. १९३० पासून निघणारे ‘जनता’ हे पत्र होते. एकाने मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, अशा रीतीने त्याचा एकेक अंक अनेकांपर्यंत पोचे.

या यंत्रणेतील सर्वांत प्रभावी भाग होता जलसा. जलसा हे मूळ सत्यशोधक चळवळीने प्रचारासाठी वळवून घेतलेले तमाशाचे रूप. ढोलकी, तुणतुणे आणि झिलकरी तेच, परंतु गणेशाच्या स्तवनाला आणि कृष्ण-गौळणींच्या छेडाछेडीला फाटा देऊन त्या जागी पाणवठा, शाळा, वतन आणि सावकार यांवरचे सवाल-जवाब आणि फार्स आले. नाशिककडील भीमराव कर्डक यांनी १९३१ च्या सुमारास सुरू केलेला आंबेडकरी जलसा या प्रकारात अग्रेसर होता. रात्री दिवसभराचे काम आटोपल्यावर चावडीपुढे किंवा चाळीच्या पटांगणात कंदिलाच्या उजेडात उभा राहणारा हा खेळ तिकिटाविना असे, आणि व्याख्यानाला न फिरकणाऱ्या बायाबापड्या तो पाहायला पोराबाळांसह येत. व्याख्यान पुरुषांपुरते राहते, खेळ साऱ्या घराचा होतो, ही बाब निवडणुकीच्या इतिहासकारांनी जेवढी लक्षात घ्यावयास हवी होती तेवढी घेतलेली दिसत नाही.

मुंबई शहरात कामाचे स्वरूप वेगळे होते. परळ, नायगाव, वरळी आणि डिलाईल रोडच्या चाळींत कोकणातून व देशावरून आलेले गिरणी कामगार, गोदी कामगार आणि महापालिकेचे सफाई कामगार राहत. गिरण्यांतील विणकाम खात्याची मजुरी सूतकताई खात्यापेक्षा चांगली होती, पण तेथे अस्पृश्यांना शिरकाव नव्हता. कांडी बदलताना धागा तोंडाने ओढून धोट्यात घ्यावा लागे आणि अस्पृश्याच्या ओठांचा धागा सवर्ण विणकर चालवून घेत नसत. लाल बावट्याच्या संघटनांनी या भेदाविरुद्ध पुरेसा आवाज उठवला नाही, ही आंबेडकरांची जुनी तक्रार होती. पक्षाच्या नावात ‘अस्पृश्य’ न येता ‘मजूर’ हा शब्द आला, त्यामागे ही पार्श्वभूमी होती. जातीचा प्रश्न बाजूला न ठेवता वर्गाची भाषा बोलण्याचा तो प्रयत्न होता, आणि जाहीरनाम्यात कुळांचे संरक्षण, खोती व महार वतनाची समाप्ती, कामगारांचे कामाचे तास व वेतन यांविषयीचे कायदे, तंत्रशिक्षण अशा मागण्या एका ओळीत आल्या.

या भाषेची कसोटी कोकणात लागली. खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्यामधला वसुलदार. ठराविक सारा सरकारात भरून तो कुळांकडून त्याहून कितीतरी अधिक घेई आणि वर वेठबिगारही करवून घेई. खोतांत ब्राह्मण होते, मराठे होते, मुसलमानही होते; कुळे मात्र मुख्यत्वे कुणबी, आगरी आणि महार. कुणब्याने महाराच्या पक्षाला मत द्यावे ही कल्पना १९३७ मध्ये साधी नव्हती. ती काही अंशी शक्य झाली ती दोन कारणांनी. एक तर अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ पासून नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांचा संप चालू होता. शेती कसण्यास नकार देणारा हा संप सहा-सात वर्षे चालला. त्या लढ्याला आंबेडकरांनी पाठिंबा दिलेला होता. दुसरे कारण म्हणजे महाड सत्याग्रहापासून बरोबर असलेले अनंतराव चित्रे आणि सुरबानाना टिपणीस हे कायस्थ प्रभू कार्यकर्ते, तसेच शामराव परुळेकर. ही माणसे पक्षाची शोभा वाढवण्यासाठी घेतलेली नव्हती. खेड्यापाड्यांत पायी हिंडून कुळांची गाऱ्हाणी लिहून घेणारी ती माणसे होती. राखीव नसलेल्या चार जागा पक्षाने लढवल्या आणि त्यांपैकी तीन जिंकल्या. राखीव जागांवरील ११ विजयांपेक्षा या तीन विजयांचे मोल अधिक मानले पाहिजे, कारण तेथे जातीच्या एकजुटीचे गणित पुरे पडणारे नव्हते.

खुद्द आंबेडकरांची लढत भायखळा-परळ भागात झाली. काँग्रेसने त्यांच्यासमोर पालवणकर बाळू यांना उभे केले. चांभार समाजातील हा डावखुरा गोलंदाज १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेऊन आला होता, आणि एका पिढीपूर्वी अस्पृश्यांना अभिमानाने सांगता येईल असे ते पहिले सर्वपरिचित नाव होते. उमेदवार निवडण्यातील काँग्रेसची हुशारी येथे मान्य करावी लागते. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. हे आकडे वाचताना ते मतदारांचे नसून मतांचे आहेत, याचे भान ठेवले पाहिजे. अंतर दोन हजारांचे. म्हणजे एकवटून मत देण्याची शिकवण काहीशे मतदारही विसरले असते, तर निकाल फिरू शकला असता. या लढतीने पक्षाची एक मर्यादाही उघडी केली. चांभार आणि मांग समाजातील बऱ्याच मतदारांना हा पक्ष महारांचा वाटत राहिला. हा समज काँग्रेसने पसरवला असे म्हणून भागत नाही, कारण पक्षाचे कार्यकर्ते, जलसे आणि वस्त्या पाहिल्या तर त्याला आधार होता.

निवडून आल्यावर पक्षाने दिलेले शब्द पाळण्याची घाई केली. बाळ गंगाधर खेर यांचे मंत्रिमंडळ जुलै १९३७ मध्ये सत्तेवर आले आणि १७ सप्टेंबरला आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १७५ जणांच्या सभागृहात १४ जणांचे बळ ते किती असणार, विधेयक रखडले. मग पक्ष पुन्हा रस्त्यावर उतरला. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातून आणि अन्य जिल्ह्यांतून आलेल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कायदेमंडळावर गेला, आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांच्या जोडीने एक दिवसाचा संप झाला. खोती अखेर १९४९ च्या कायद्याने गेली आणि कनिष्ठ गाववतने १९५८ च्या. तोवर स्वतंत्र मजूर पक्ष उरला नव्हता. जुलै १९४२ मध्ये नागपूरला शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली आणि वर्गाच्या भाषेतून उभा राहिलेला हा प्रयोग थांबला. हा बदल युद्धकालीन वाटाघाटींच्या दृष्टीने समजण्यासारखा आहे, तथापि कोकणातील कुणबी मतदाराला फेडरेशनच्या नावात स्वतःसाठी जागा दिसली नसणार, हेही तितकेच खरे.

१९४६ च्या निवडणुकीत फेडरेशनला मुंबई प्रांतात एकही जागा मिळाली नाही. स्वातंत्र्यानंतर सार्वत्रिक मतदान आले, वतनाच्या वहीची गरज संपली, परंतु एकवटलेले मतदानही संपले. द्विसदस्य मतदारसंघ राहिले. तेथे प्रत्येक मतदाराला दोन मते होती आणि नव्या कायद्याने ती दोन्ही एकाच उमेदवाराला देण्यास मनाई केली. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईच्या राखीव जागेवर आंबेडकर उभे होते, सर्वसाधारण जागेवर समाजवादी पक्षाचे अशोक मेहता त्यांचे सहकारी होते, आणि १९३७ ला जे गणित चाळीचाळींतून शिकवले होते तेच आता बेकायदा होते. काँग्रेसचे नारायण काजरोळकर १४,५६१ मतांनी विजयी झाले. त्या मतदारसंघात बाद ठरलेल्या मतांची संख्या ७४,३३३ होती, आणि आंबेडकर व मेहता यांनी निकालाविरुद्ध दाखल केलेली याचिका फेटाळण्यात आली.