बिजाचा पेला आणि शंभर योजनांची वाट

महालातील जुना वाडा असो वा प्रताप नगरासारखी अलीकडची वसाहत, नागपुरात मधुमेहाचा विषय निघाला की बिजाच्या लाकडी पेल्याचे नाव कोणाच्या तरी तोंडी येतेच. रात्रभर त्यात ठेवलेले, सकाळी पिंगट झालेले आणि उजेडात निळसर झाक दाखविणारे पाणी अनशापोटी प्यावे, असा शिरस्ता. जंगल खात्याच्या दप्तरी बिजा इमारती लाकडांत रुजू झाला. वैद्यांच्या लेखी तो असन, आणि सुश्रुताच्या ज्या सालसारादि गणाची ख्याती मेद शोषून प्रमेह (मधुमेहही त्यातलाच) हरण्याची, त्या गणातील एक.

सुश्रुताची खरी चिकित्सा मात्र पेल्यात मावणारी नव्हती. प्रमेहाचे वीस प्रकार मोजून, जन्मजात व अपथ्यजन्य असा भेद करून, कृश रोग्यास जपावे आणि स्थूलास झिजवावे असे सांगणाऱ्या या आचार्याने निर्धनास पादत्राणांवाचून व छत्रावाचून, भिक्षान्नावर, प्रत्येक गावी एकच रात्र काढीत शंभर योजने चालावयास लाविले; आणि धनाढ्यासही सवलत न देता सावे, देवभात, आवळे व कवठे खाऊन मृगांच्या संगतीत राहण्यास फर्माविले. इतरांनी शेत नांगरावे, नाहीतर विहीर खणावी! श्रीमंत रोग्यांवर ज्याचा चरितार्थ चालतो तो वैद्य असा हुकूम सहसा सोडीत नाही.

मधुमेहावरच्या दुसऱ्या वनस्पतीची, गुडमारीची, कीर्ती निराळ्या वाटेने पसरली. पान चघळल्यावर साखर वाळूसारखी बेचव लागते, हा जिभेवरचा चमत्कार बाजाराने रक्तातील साखरेचा दाखला म्हणून खपविला. मुंबईच्या हाफकिन संस्थेतील डॉ. म्हसकर व फादर कायुस यांनी 1930 साली या वनस्पतीवर स्वतंत्र प्रबंधच प्रसिद्ध केला.

बिजाची पाळी उशिरा आली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 1998 साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, सौम्य मधुमेहाच्या 97 रुग्णांपैकी 67 जणांची साखर बारा आठवड्यांत आटोक्यात आली. परंतु तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि दिले गेले होते ते रोज दोन ते चार ग्रॅम मोजलेले अर्कद्रव्य. पेल्याच्या पाण्यात किती सत्त्व उतरते, हे पेला विकणारा मोजीत नाही, आणि पेल्याच्या भरवशावर गोळ्या सोडणाऱ्यास तो अडवीतही नाही.