चार्लीच्या धन्याची साक्ष

२३ सप्टेंबर १९६० रोजी न्यूयॉर्कच्या पूर्वेस, लाँग आयलंडवरील सॅग हार्बर या लहानशा बंदरगावातून एक हिरवा ट्रक बाहेर पडला. ट्रकच्या पाठीवर मालाऐवजी एक छोटेखानी घर चढविलेले होते. त्यात बिछाना होता, गॅसची शेगडी होती, शीतपेटी होती, आणि वाचावयाची राहून गेलेली सुमारे दीडशे पौंड वजनाची पुस्तके होती. गाडीत जीव दोनच. एक ५८ वर्षांचा कादंबरीकार जॉन स्टाइनबेक, आणि दुसरा त्याचा चार्ली नावाचा, पॅरिसजवळ जन्मलेला, उतारवयाचा पूडल कुत्रा. ट्रकच्या बाजूवर जुन्या स्पॅनिश वळणाच्या अक्षरांत नाव रंगविले होते : ‘रोसिनांते’. डॉन क्विक्झोटच्या मरतुकड्या घोड्याचे ते नाव. आपण कोणत्या जातीच्या साहसाला निघालो आहोत, याची धन्याला पुरती जाणीव होती, असे त्यावरून म्हणावयास हरकत नाही.

आदल्या वर्षाच्या अखेरीस त्याची प्रकृती चांगलीच ढासळली होती. इष्टमित्रांनी विश्रांतीचा सल्ला दिला, आणि त्याने नेमके उलट केले. आपण जन्मभर अमेरिकेविषयी लिहीत आलो, परंतु गेली पंचवीस वर्षे हा देश आपण डोळ्यांनी पाहिलेलाच नाही, ही खंत त्याला लागली होती. उत्तरेस मेनपर्यंत, तेथून पश्चिमेस शिकागो, डाकोटा आणि माँटाना ओलांडून पॅसिफिकचा किनारा, मग आपले जन्मगाव सलिनास, आणि टेक्सास व लुइझियाना या दक्षिणेच्या राज्यांतून परत, असा सुमारे दहा हजार मैलांचा फेरा त्याने केला. उगाच भटकणाऱ्या माणसाकडे लोक संशयाने पाहतात, शिकारीला निघालेल्याकडे पाहत नाहीत, म्हणून गाडीत बंदुका आणि गळ ठेवले होते. ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ हे या प्रवासाचे पुस्तक १९६२ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी लेखकाला नोबेल पारितोषिक मिळाले.

पुस्तकात चार्लीचे काम दूताचे आहे. अनोळखी गावी गाडी थांबली, की कुत्रा खाली उतरतो, कोणीतरी त्याची चौकशी करतो आणि बोलणे सुरू होते. एका प्रसंगी मात्र हा दूतच अडचणीचा ठरला. नायगाऱ्यावरून कॅनडात शिरावे, असा स्टाइनबेकचा विचार होता. पुलापलीकडच्या कॅनडाच्या अधिकाऱ्यांनी सांगितले, कुत्र्याला पिसाळरोगाची लस टोचल्याचा दाखला तुमच्यापाशी नाही; आम्ही आत घेऊ, परंतु तुमचे लोक तुम्हांला परत घेणार नाहीत. तो माघारी वळला, तर आपल्याच देशाच्या अधिकाऱ्यांनी त्याला अडवून ठेवले. परदेशात तो गेलाच नव्हता, पण परत मात्र आला होता! सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्या वाचकाला हा प्रसंग वाचताना हसू येते, आणि किंचित ओशाळल्यासारखेही होते.

नोकरीचा विषय निघाला आहे, तर एक गोष्ट सांगतो. आम्हांला दौऱ्याची रोजनिशी लिहावी लागते. मुक्काम कोठे, अंतर किती, भेट कोणाची. त्याच संध्याकाळी लिहिलेली रोजनिशी रुक्ष असते, पण खरी असते. महिनाअखेरीस एकदम बसून लिहिलेली फार वाचनीय असते. एकट्याने केलेल्या दौऱ्यात तर पडताळून पाहावयास दुसरा साक्षीदारच नसतो. स्टाइनबेकचा साक्षीदार होता, पण तो मुका.

पन्नास वर्षांनी मात्र पडताळणी झाली. २०१० साली बिल स्टायगरवाल्ड नावाच्या अमेरिकन पत्रकाराने त्याच मार्गाने प्रवास केला आणि पत्रे, हस्तलिखित व तारखा एकमेकांशी ताडून पाहिल्या. पुस्तकात नॉर्थ डाकोटातील ॲलिस या गावाजवळ, नदीकाठच्या मुक्कामी, लेखकाला एक फिरस्ता नट भेटतो. शेक्सपिअरची नाटके करीत गावोगाव हिंडणारा हा नट मोठा मनोहर उतरला आहे. परंतु त्याच रात्री स्टाइनबेकने पत्नीला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. ते राज्याच्या थेट दुसऱ्या टोकाच्या, बीच नावाच्या गावातील मोटेलमधून लिहिलेले आहे. शिवाय, एकाकी म्हणून गाजलेल्या या प्रवासात पत्नी इलेन कित्येक दिवस बरोबर होती, आणि रोसिनांतेतील बिछान्यापेक्षा हॉटेलांतील बिछानेच अधिक वापरले गेले होते. २०१२ साली निघालेल्या सुवर्णमहोत्सवी आवृत्तीच्या प्रस्तावनेत, हे पुस्तक अक्षरशः खरे मानू नये, असा इशारा द्यावा लागला.

मग हे पुस्तक इतिहासाच्या कपाटातून काढून कथा-कादंबऱ्यांच्या कपाटात ठेवावे काय? मला तसे वाटत नाही. आपल्या विष्णुभट गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ पाहा. १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेस निघालेले हे भिक्षुक वेढ्याच्या वेळी झाशीत होते. वृत्तान्त त्यांनी बऱ्याच वर्षांनी लिहिला. १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी तो फेरफार करून छापला, आणि मूळ लेखन वाचकांपुढे यावयास दत्तो वामन पोतदारांच्या १९६६ सालच्या आवृत्तीची वाट पाहावी लागली. भटजींनी ऐकीव म्हणून दिलेल्या हकिकती कित्येक ठिकाणी चुकल्या आहेत. म्हणून झाशीच्या गल्ल्यांत त्यांनी स्वतः जे पाहिले, ते कोणी टाकून देत नाही. साक्षीदार सबंध खरा किंवा सबंध खोटा, असा निवाडा न्यायालयातही होत नाही, मग इतिहासात कसा व्हावा? वाक्यावाक्यावर थांबून विचारावे लागते : हे याने पाहिले काय, आणि आणखी कोणी पाहिले काय?

या कसोटीवर पुस्तकाचा एक भाग निर्विवाद उतरतो. तो न्यू ऑर्लिन्सचा.

वर्णानुसार सरकारी शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य आहे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे १९५४ मध्ये दिला होता. न्यू ऑर्लिन्समध्ये तो अमलात यावयास साडेसहा वर्षे लागली. लुइझियानाच्या विधिमंडळाने अडथळ्यांमागून अडथळे उभे केले, आणि संघ-न्यायाधीश स्केली राइट यांनी ते एकेक करून मोडून काढले. १४ नोव्हेंबर १९६० रोजी सहा वर्षांची रूबी ब्रिजेस ही कृष्णवर्णीय मुलगी संघ-सरकारच्या मार्शलांच्या पहाऱ्यात विल्यम फ्रँझ शाळेत शिरली. गोऱ्या पालकांनी आपली मुले काढून नेली. वर्षभर ती एकटी वर्गात बसली आणि बॉस्टनहून आलेल्या बार्बरा हेन्री या बाईंनी तिला एकटीला शिकविले. तिच्या वडिलांची नोकरी गेली.

शाळेबाहेर रोज सकाळी गर्दी जमे. तिच्या अग्रभागी काही मध्यमवयीन गोऱ्या गृहिणी असत. त्यांना वृत्तपत्रांनी ‘चीअरलीडर्स’ असे नाव दिले होते. मैदानावर खेळाडूंना प्रोत्साहन देणाऱ्या मुलींसाठीचा हा शब्द येथे, सहा वर्षांच्या पोरीला शिव्या देणाऱ्या आयांसाठी वापरला गेला. स्टाइनबेक हे पाहण्यासाठी मुद्दाम तेथे गेला. गाडी आणि चार्ली वाहनतळावर ठेवले, टॅक्सी केली आणि तो गर्दीत उभा राहिला. पांढरेशुभ्र कपडे घातलेली, धिप्पाड मार्शलांमध्ये आणखीच इवलीशी दिसणारी मुलगी त्याने पाहिली. चालता चालता तिने मध्येच घेतलेली एक लहानशी उडीही त्याच्या नजरेतून सुटली नाही. पाठोपाठ आपल्या मुलाचा हात धरून आलेला एक गोरा बापही त्याने पाहिला. त्याच्यावर तर जमाव अधिकच चवताळला होता.

येथे कल्पनेला वाव नाही. छायाचित्रे आहेत, चित्रफिती आहेत, न्यायालयाचे कागद आहेत. उलट, येथे छापील पुस्तकच सत्याहून मवाळ आहे. त्या बायका जे शब्द ओरडत होत्या, ते कोणत्याही वृत्तपत्राने छापले नव्हते, आणि त्यामुळे देशाला त्या प्रकाराची खरी दुर्गंधी कळलीच नाही, ही स्टाइनबेकची तक्रार होती. त्याने हस्तलिखितात ते शब्द जसेच्या तसे लिहिले होते. ते प्रकाशनापूर्वी गाळण्यात आले. ज्या नटाचा पत्ता लागत नाही, तो पुस्तकात सुखाने नांदतो आहे. जे शेकडो लोकांनी कानांनी ऐकले, त्याला मात्र पुस्तकात जागा मिळाली नाही. माझ्या मते या पुस्तकावरचा मोठा आक्षेप हा आहे, आणि तो लेखकावर नाही.

दक्षिणेतील या मुक्कामात चार्लीलाही एक भूमिका मिळाली. तो धन्याशेजारच्या आसनावर ताठ बसे. दुरून पाहणाऱ्याला वाटे, गोऱ्या माणसाच्या शेजारी कोणी कृष्णवर्णीय बसला आहे. जवळ येऊन पाहिले, की तो कुत्रा निघे, आणि पाहणाऱ्याचा जीव भांड्यात पडे. हा विनोद तेथे एकाहून अधिक लोकांनी केला, असे स्टाइनबेक सांगतो. यापुढे प्रवासातला त्याचा रस संपला. परतीचे उरलेले मैल त्याने केवळ कापले.

रोसिनांते आज सलिनासच्या स्टाइनबेक संग्रहालयात उभी आहे. पुस्तकात त्या मुलीचे नाव नाही. जगाला ते नीट माहीत झाले ते पुढे. १९६४ साली नॉर्मन रॉकवेलने काढलेले तिचे चित्र प्रसिद्ध झाले. २०११ साली ते राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या कार्यालयाबाहेर लावले गेले, तेव्हा पन्नाशी उलटलेली रूबी ब्रिजेस स्वतः ते पाहावयास गेली. तिने आपली आठवण अनेकदा सांगितली आहे. त्या पहिल्या सकाळी मोटारीच्या खिडकीतून तिला रस्त्यावरची गर्दी, अडसर आणि काहीबाही फेकणारे, ओरडणारे लोक दिसले. न्यू ऑर्लिन्समध्ये वाढलेल्या मुलीने असे दृश्य दरवर्षी पाहिलेले होते. तिला वाटले, मार्डी ग्राचा उत्सव चालला आहे.