एक नियम आणि घरोघरची रीत

नोकरीच्या निमित्ताने परप्रांती राहणाऱ्या मराठी माणसास केव्हा ना केव्हा एखाद्या मोठ्या ग्रंथालयाची पायरी चढण्याचा योग येतो. गडकऱ्यांचे सारे वाङ्मय पाहावे या हौसेने तो तालिका उघडतो. ‘एकच प्याला’ हे नाटक राम गणेश गडकरी या नावाखाली सापडते. ‘वाग्वैजयंती’ची नोंद मात्र गोविंदाग्रजांच्या नावे असू शकते आणि विनोदी लेख बाळकराम या तिसऱ्याच गृहस्थाच्या खात्यावर जमा असू शकतात. ही तीन नावे एकाच पुरुषाची, हे तालिकेने सांगितले नाही, तर पुस्तक कपाटात असूनही परक्या गावातल्या वाचकास ते नसल्यासारखेच. यात दोष एका कारकुनाचा नसतो. ग्रंथाची नोंद कोणाच्या नियमाने करावी, या पावणेदोनशे वर्षांच्या वादाशी त्याचा संबंध आहे.

या वादाचा आरंभ लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये झाला, असे म्हणावयास हरकत नाही. राजकीय छळामुळे इटलीतून परागंदा झालेला अँतोनिओ पानित्सी १८३७ साली तेथील मुद्रित ग्रंथांचा प्रमुख झाला. त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेले ९१ नियम १८४१ साली प्रसिद्ध झाले. ग्रंथ शोधण्यास इतके नियम कशाला, अशी टीका तेव्हा झाली. परंतु एकाच ग्रंथाच्या अनेक आवृत्त्या व एकाच लेखकाची अनेक नामरूपे एकत्र आणावयाची, तर नियमाखेरीज गत्यंतर नव्हते. तरीही ते नियम एका घराचे होते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९०१ साली छापील कार्डे इतर ग्रंथालयांस विकावयास आरंभ केला, तेव्हा एका ठिकाणी केलेली नोंद शेकडो ठिकाणी जाऊ लागली. साहजिकच सर्वांचा नियम एक असावा, ही निकड उत्पन्न झाली.

पुढे १९६१ च्या ऑक्टोबरात पॅरिस येथे ५३ देशांचे प्रतिनिधी जमले व त्यांनी तालिकीकरणाची समान तत्त्वे ठरविली. त्यांतील एक तत्त्व आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. लेखकाच्या नावातील कोणता शब्द प्रथम घ्यावा, हे शक्यतो त्याच्या देशातील मान्य रूढीवरून ठरवावे, असे त्यात म्हटले होते. जगाच्या नियमाने देशाच्या रीतीस स्वतःहून जागा करून दिली, ती अशी.

ही जागा कशी असावी, याचा पद्धतशीर विचार डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी केला होता. त्यांची तालिकासंहिता प्रथम १९३४ साली निघाली. १९६४ च्या पाचव्या आवृत्तीत ‘स्थानिक भिन्नते’चे तत्त्व मांडलेले आहे. आंतरराष्ट्रीय संहितेने सर्व राष्ट्रांस समान असेल तेवढेच सांगावे व उरलेले राष्ट्रीय संहितेवर सोपवावे. राष्ट्रीय संहितेनेही आपल्या ग्रंथालयांशी तसेच वागावे, हा त्याचा आशय. मूळ सेवानियम, त्याखाली खात्याची परिपत्रके व त्याखाली कचेरीचे स्थायी आदेश, ही उतरंड ज्यांनी जन्मभर सांभाळली, त्यांना याचे मर्म विस्ताराने सांगावयास नको.

यंत्रयुगात मात्र हे शहाणपण काही काळ मागे पडले. हेन्रिएट ॲव्हरॅम या बाईंच्या नेतृत्वाखाली लायब्ररी ऑफ काँग्रेसने संगणकासाठी ‘मार्क’ हा नोंदींचा साचा तयार केला व १९६६ साली त्याचा प्रयोग सुरू झाला. लवकरच ब्रिटनचा मार्क निराळा, कॅनडाचा निराळा, असे होऊ लागले. प्रत्येकाने आपली गरज साच्यातच फेरफार करून भागविली. परिणामी एकाची नोंद दुसऱ्यास घ्यावयाची, तर रूपांतराचा खटाटोप आला. अमेरिका व कॅनडा यांचे साचे १९९९ साली ‘मार्क २१’ या नावाने एक झाले आणि ब्रिटिश लायब्ररीने तो २००४ साली स्वीकारला. उलट टोकाचा प्रयोग १९९५ साली ओहायो संस्थानातील डब्लिन गावी आरंभला गेला. त्यातून निघालेल्या ‘डब्लिन कोअर’ची मूळ अंगे अवघी पंधरा, कोणतेही गाळावे, कोणतेही पुन्हा वापरावे. सोपेपणा भरपूर, पण शिस्त बेताचीच.

या दोन टोकांमधील मार्ग इंग्लंडातील रेचल हीरी व मंजुळा पटेल या दोन विदुषींनी २००० साली एका लेखात स्पष्ट केला. त्यांनी त्यास ‘ॲप्लिकेशन प्रोफाइल’ म्हटले. आपण उपयोजनपत्रक म्हणू. आपल्या कामासाठी कोणत्या प्रमाणसंचातील कोणती अंगे घेतली, कोणत्या अंगात कोणत्या प्रकारची माहिती चालेल, हे ग्रंथालयाने त्यात जाहीर करावे. अमुक अंग आवश्यक की ऐच्छिक, हेही अशाच पत्रकात सांगता येते. घेतलेल्या अंगाचा अर्थ अधिक नेमका करावा, परंतु पालटू नये. आणि नवे अंग पत्रकात परस्पर घुसडू नये.

मराठी ग्रंथांपुरते उदाहरण घेऊ. जुन्या पुस्तकावर नुसते ‘शके १८४१’ छापलेले असते. तो आकडा जसाच्या तसा इसवी सन म्हणून टिपला, तर १९१९-२० चे पुस्तक पानित्सीच्या नियमांच्या पंक्तीस जाऊन बसते! पत्रकात लिहून ठेवावे की, दिनांकाच्या अंगात इसवी सन द्यावा व छापील शक टिपेत राखावा. तसेच, कर्त्याचे नाव मान्य नामावलीतूनच घ्यावे आणि त्या नामावलीत गडकरी, गोविंदाग्रज व बाळकराम यांचे नाते नोंदलेले असावे. अर्थात ही नामावली पत्रक आपोआप निर्माण करीत नाही. ती भाषा जाणणाऱ्या माणसानेच बसून तयार करावी लागते.

२०१० साली आलेल्या ‘आरडीए’ या संहितेनेही पुष्कळ निर्णय ग्रंथालयांवर सोपविले आहेत. त्यामुळे स्थानिक रीत लेखी ठेवण्याची जबाबदारी वाढलीच आहे. अलिखित रीत तिच्या जाणत्या माणसाची बदली झाली की त्याच्याबरोबर जाते, हे आपणांइतके कोणास ठाऊक असणार? ती लिहून ठेवली, तर उद्या नव्या गावी आलेला कोणी मराठी वाचक गडकऱ्यांना शोधू लागेल, तेव्हा त्याला गोविंदाग्रज आणि बाळकरामही भेटतील.