नोंदवही, कोश आणि सामायिक स्मृती

इतिहासाचा विचार करताना आपण राजवटी, चळवळी आणि ग्रंथ यांच्याकडे पाहतो. दवाखान्यातील नोंदवहीकडे सहसा पाहत नाही. साहित्याच्या अभ्यासकांना तर ती वाङ्मयाच्या कक्षेबाहेरचीच वाटते. वस्तुतः माणसाच्या दुखण्याची नोंद कोणत्या शब्दांत करायची, ती कोणी करायची आणि तिच्यावर मालकी कोणाची, हे प्रश्न आपल्या विषयापासून फारसे दूर नाहीत. ‘ओपनएमआरएस’ या रुग्णनोंदींच्या मुक्तस्रोत संगणकप्रणालीचा इतिहास आम्ही येथे याच दृष्टीने मांडू इच्छितो. या प्रणालीच्या यशाचे मर्म संगणकीय कौशल्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, एका सामायिक कोशात आहे, असे आमचे म्हणणे आहे.

या इतिहासाची सुरुवात एका रोगापासून होते. साधा ताप आला, औषध दिले, रुग्ण बरा होऊन गेला, तर वहीतील एक ओळ पुरते. एचआयव्हीचे तसे नाही. त्याचे उपचार जन्मभर चालतात. 1996 च्या सुमारास तीन औषधांची एकत्रित उपचारपद्धती रूढ झाली. पण तिचा वर्षाचा खर्च माणशी दहा हजार डॉलरच्या पुढे होता. फेब्रुवारी 2001 मध्ये मुंबईच्या ‘सिप्ला’ कंपनीने हीच औषधे सेवाभावी संस्थेला वर्षाला माणशी 350 डॉलरमध्ये देण्याची तयारी दाखवली आणि सारे गणितच बदलले. डिसेंबर 2003 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 2005 च्या अखेरपर्यंत तीस लाख रुग्णांना उपचार देण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. औषध आवाक्यात आले, तेव्हा दुसरी उणीव उघडी पडली, ती स्मृतीची. मागच्या भेटीत कोणते औषध दिले होते? वजन वाढले की घटले? आणि ठरल्या दिवशी आलाच नाही, तो कोण? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नोंदवही देऊ शकत नाही. जो आला त्याचेच नाव तिच्यात असते.

पश्चिम केनियात एल्डोरेट शहराजवळ मोसोरिओट येथे एक ग्रामीण आरोग्यकेंद्र आहे. मोई विद्यापीठ आणि अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठ यांच्या सहकार्यातून 2001 मध्ये तेथे संगणकावर रुग्णनोंदी ठेवण्यास प्रारंभ झाला. प्रणाली ‘मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस’वर रचलेली होती आणि वीज गेल्यास सौर बॅटरीचा आधार होता. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अभ्यासात एक निष्कर्ष असा होता, की रुग्णाची भेट 22 टक्क्यांनी आटोपशीर झाली. दुसरा निष्कर्ष मात्र आम्हांला थबकवतो: उपचार करणाऱ्यांच्या सहवासातील रुग्णाचा वेळ 58 टक्क्यांनी घटला होता. नोंद सुधारली की संवाद वाढतोच असे नाही, ही सूचना या इतिहासाच्या पहिल्याच पानावर आहे.

पुढे एल्डोरेटच्या एचआयव्ही कार्यक्रमातील रुग्णसंख्या वेगाने वाढू लागली आणि जुनी रचना अपुरी पडली. 2004 मध्ये इंडियानापोलिसच्या रीगनस्ट्रीफ संस्थेतील पॉल बिऑन्डिक आणि बर्क मॅमलिन हे दोन डॉक्टर या कामासाठी केनियात गेले. संगणकीय रुग्णनोंदींची त्यांच्या संस्थेतील परंपरा 1970 च्या दशकापासूनची होती. त्याच सुमारास ‘पार्टनर्स इन हेल्थ’ या संस्थेचे हॅमिश फ्रेझर यांनी पेरूमध्ये, औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाच्या रुग्णांसाठी, वेगळी प्रणाली उभी केली होती. दक्षिण आफ्रिकेच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचे ख्रिस सीब्रेग्ट्स हेही याच प्रश्नाशी झुंजत होते. प्रत्येकाने आपापली प्रणाली पहिल्यापासून रचायची आणि पैसा संपला की ती मोडीत काढायची, हा तोवरचा प्रघात होता. या मंडळींनी तो मोडला. प्रणालीचा पाया एकत्र रचायचा आणि तो कोणालाही वापरता, बदलता व पुढे देता येईल असा खुला ठेवायचा, असे त्यांनी ठरवले.

या पायाच्या केंद्रस्थानी होता संकल्पनाकोश. सामान्यतः अशा प्रणालीत प्रत्येक प्रश्नासाठी तक्त्यात एक रकाना आखलेला असतो. नवा प्रश्न आला की तक्ताच मोडून पुन्हा आखावा लागतो. येथे ‘वजन’, ‘खोकला’, ‘क्षय’ ही प्रत्येक संकल्पना कोशातील एक नोंद ठरली. कोणत्या रुग्णाविषयी, कोणत्या संकल्पनेबाबत, कोठे, केव्हा, काय आढळले, एवढेच प्रत्येक निरीक्षण सांगते. उद्या एखादा नवा रोग आला तर कोशात भर घालायची; मूळ रचनेला हात लावायचा नाही. शिवाय स्थानिक गरजांसाठी स्वतंत्र जोडघटक रचण्याची सोय होती. आपल्या परिभाषेत सांगायचे, तर संहिता एक ठेवून पाठभेदांना जागा देण्याची ही युक्ती होती.

फेब्रुवारी 2006 मध्ये एल्डोरेट येथे आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रवांडातील र्‍विंक्वावू येथे ही प्रणाली कार्यान्वित झाली. 2007 पासून ‘गूगल समर ऑफ कोड’ या उपक्रमातून दूरदूरचे विद्यार्थी तिच्यासाठी काम करू लागले. छत्तीसगडमधील गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोगाच्या रुग्णालयात आकाराला आलेली ‘बाह्मनी’ ही प्रणालीही याच पायावर उभी आहे. सर्वांत कठीण कसोटी सिएरा लिओनमधील केरी टाउन येथे लागली. इबोलाच्या उपचारकेंद्रात बाधित कक्षात लिहिलेला कागद बाहेर आणता येत नसे, कारण संसर्ग त्याच्यासोबत येण्याची भीती होती. 2015 च्या प्रारंभी तेथे याच पायावरची, टॅब्लेटवर चालणारी व्यवस्था वापरात आली आणि कागद आत राहिला, नोंद बाहेर आली.

तरीही या कथेचा केवळ गौरव करून थांबणे योग्य नव्हे. कोश म्हटला की निवड आली आणि निवड म्हटली की वगळणेही आले. रुग्ण आपले दुखणे आपल्या भाषेत, आपल्या क्रमाने सांगतो; कोश त्यातील संकल्पनांपुरतेच उचलतो. ‘छातीत दुखते’ हे कोशात बसते; ते कधीपासून आणि कोणत्या दुःखानंतर, हे बहुधा बसत नाही. एल्डोरेटचा शब्द पेरूत समजावा यासाठी ही किंमत मोजावी लागते. ती मोजू नये असे आम्ही म्हणत नाही. कारण ही किंमत न मोजता राहिलेला रुग्ण कोणाच्याच स्मृतीत उरत नव्हता. पण ती मोजली जात आहे, याचे भान मात्र सुटू नये.

दुसरा प्रश्न अधिक तातडीचा आहे. संहिता सर्वांची असली तरी तिची निगा राखणाऱ्यांचे वेतन कोठून तरी यावे लागते आणि आफ्रिकेत ते बव्हंशी परकीय मदतीतून येत असे. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत रोखली; 1 जुलै 2025 पासून ‘यूएसएड’ ही संस्था स्वतंत्र रूपात उरली नाही. एल्डोरेटच्या कार्यक्रमाचा मोठा आधार अनेक वर्षे हीच मदत होती. कंपनीच्या मालकीची प्रणाली असती, तर देयक थकताच तिला कुलूप लागण्याची भीती असती. येथे ते भय नाही. संहिता कोणी परत मागू शकत नाही. परंतु पोथी शाबूत राहिली आणि वाचणारा गेला, तर परंपरा जिवंत राहत नाही, हे साहित्याच्या अभ्यासकांना वेगळे सांगायला नको.

म्हणूनच या इतिहासातून आम्हांला एकच गोष्ट अधोरेखित करावीशी वाटते. सामायिक स्मृती उभी करण्यासाठी सामायिक शब्द लागतात आणि ते कोणा एकाच्या मालकीचे नसावे लागतात. पण तेवढ्याने भागत नाही. ठरल्या दिवशी न आलेल्या माणसाचे नाव यादीत पाहून त्याच्या घरापर्यंत चालत जाणारे कोणीतरी लागते. कोश त्याला नाव सांगतो. पुढची वाट त्यालाच चालावी लागते.