दिनविशेष : १३ मे १८९६ – बेन सीराचं हरवलेलं पान

अॅग्नेस लुईस आणि मार्गारेट गिब्सन या जुळ्या स्कॉटिश बहिणींनी पूर्वेकडच्या प्रवासातून जुनी हस्तलिखित पानं विकत आणली होती. त्यांतलं एक मळकं, फाटकं पान केंब्रिजमधले हिब्रूचे अभ्यासक सोलोमन शेख्टर यांनी आजच्या दिवशी ओळखलं. बेन सीराच्या ग्रंथाचा हा मूळ हिब्रू पाठ होता. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात जेरुसलेममध्ये लिहिलेला, मंदिरातल्या महायाजकाच्या सेवेचं देखणं वर्णन करणारा हा ग्रंथ शतकानुशतकं ग्रीक आणि सिरियाक भाषांतरांतूनच वाचला जात होता. शेख्टरनी त्याच दिवशी लुईसबाईंना उत्साहानं पत्र लिहिलं.

त्याच वर्षाअखेरीस ते कैरोला गेले. तिथल्या बेन एझरा सिनेगॉगच्या गनिझात, म्हणजे जीर्ण लिखाण साठवायच्या खोलीत, त्यांना अफाट ठेवा मिळाला. सुमारे १,९३,००० तुकडे केंब्रिजला आले. धर्मग्रंथांबरोबर त्यांत हिशेब होते, विवाहकरार होते, मलबार किनाऱ्याशी व्यापार करणाऱ्या ज्यूंची पत्रंही होती. त्यातलाच एक ग्रंथ शेख्टरनी १९१० मध्ये छापला. पुढे त्याच्या कितीतरी जुन्या प्रती मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत सापडल्या.

या बहिणींचं श्रेय मोठ्यानं सांगायला हवं. त्यांनी १८९२ मध्ये सिनाई पर्वताच्या मठात शुभवर्तमानांची अतिप्राचीन सिरियाक प्रत शोधली होती. ज्या केंब्रिजमध्ये त्या राहत, तिथलं विद्यापीठ स्त्रियांना १९४८ पर्यंत पूर्ण पदवी देत नव्हतं.