बरोबरी पुरेशी होती, तरी कास्पारोव सिसिलियन का खेळला?

९ नोव्हेंबर १९८५, मॉस्को. जागतिक बुद्धिबळ अजिंक्यपद लढतीचा २४ वा, म्हणजे शेवटचा डाव. २२ वर्षांचा गॅरी कास्पारोव १२-११ असा पुढे होता. समोर होता १९७५ पासूनचा जगज्जेता अनातोली कार्पोव.

लढत १२-१२ अशी सुटली तर किताब कार्पोवकडेच राहणार होता. म्हणजे कार्पोवला जिंकणं भाग होतं, कास्पारोवला बरोबरीही चालणार होती. त्यात कास्पारोवकडे काळ्या मोहऱ्या. अशा वेळी बहुतेक जण जपून खेळतात. त्याने मात्र सिसिलियन डिफेन्स निवडला.

सिसिलियन म्हणजे काय?

पांढऱ्याने राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं की काळा वजिराच्या बाजूच्या उंटासमोरचं प्यादं दोन घरं ढकलतो. दोन्हीकडची मांडणी वेगळी होते आणि डाव सहजासहजी बरोबरीकडे झुकत नाही. नाव 'डिफेन्स' असलं तरी काळाही जिंकायलाच खेळतो.

कास्पारोवने यातला शेव्हेनिंगेन प्रकार खेळला. यात राजा आणि वजिरासमोरची प्यादी एकेकच घर पुढे येतात. जागा कमी मिळते, पण भिंत भक्कम राहते आणि संधी मिळताच तिथूनच उलट हल्ला करता येतो.

मग डाव कुठे फिरला?

कार्पोवने काळ्या राजाच्या दिशेने प्यादी ढकलली, हत्तीही तिकडेच नेला. कास्पारोवने घाई केली नाही. २४ व्या चालीपर्यंत त्याने आपले दोन्ही हत्ती एकामागे एक उभे केले. ३१ व्या चालीला आपल्याच राजापुढचं प्यादं बळी दिलं आणि त्याचा घोडा पांढऱ्याच्या गोटात घुसला.

कार्पोवच्या घड्याळात वेळ कमी उरला होता. ३६ व्या चालीला त्याच्या हत्तीने एक प्यादं मारलं आणि तीच चूक महागात पडली. काळ्या हत्तीने वजिरावर हल्ला केला, वजीर हलताच पांढरा घोडा गेला. ४२ व्या चालीनंतर कार्पोवने डाव सोडला.

धोका का पत्करला?

शांत पटावर हळूहळू पकड घट्ट करणं ही कार्पोवची खासियत. नुसता बचाव केला असता, तर ते त्याच्याच पथ्यावर पडलं असतं. सिसिलियनमुळे त्याला खुला हल्ला करावा लागला.

लढत १३-११ अशी संपली आणि कास्पारोव तोवरचा सर्वांत तरुण जगज्जेता ठरला. हा विक्रम डिसेंबर २०२४ मध्ये १८ वर्षांच्या डी. गुकेशने मोडला.