नरसिंग की विजय?

जेऊर आणि करमाळा परिसरातील यात्रांच्या कुस्तीफडांवर एक वाद अनेकदा रंगतो: सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेल्या दोन मल्लांपैकी मोठा कोण? मुंबईच्या नरसिंग यादवने २०११, २०१२ आणि २०१३ मध्ये, तर जळगावच्या विजय चौधरीने २०१४, २०१५ आणि २०१६ मध्ये ही गदा पटकावली. नरसिंगची पहिली गदा आपल्याच जिल्ह्यातील, अकलूजच्या आखाड्यातील!

गदांचा हिशेब बरोबरीत सुटतो. वजनाचा मात्र सुटत नाही. महाराष्ट्र केसरी हा वजनदार मल्लांचा किताब, तर नरसिंगचा आंतरराष्ट्रीय वजनगट ७४ किलोचा. भारदस्त प्रतिस्पर्ध्यांना तो चपळाई आणि दमसास यांच्या बळावर नमवीत असे. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने सुवर्णपदक मिळविले, २०१५ मध्ये लास व्हेगास येथील जागतिक स्पर्धेत कांस्य. पुढे रिओ ऑलिम्पिकच्या तोंडावर उत्तेजक द्रव्य प्रकरणी त्याच्यावर चार वर्षांची बंदी आली. कारकिर्दीच्या ऐन भरातील वर्षे गेली.

विजय हा अंगापिंडाने खरा जड मल्ल. २०२३ मध्ये कॅनडातील जागतिक पोलीस क्रीडा स्पर्धेत १२५ किलो गटाचे सुवर्ण त्याने जिंकले. पण ही स्पर्धा केवळ गणवेशधारी सेवांतील खेळाडूंची. म्हणूनच, बंदीचा डाग जमेस धरूनही, प्रस्तुत लेखकाचा कौल नरसिंगकडे झुकतो. फडावरील जाणत्यांना तो मान्य होईलच असे नाही. राज्य शासनाने मात्र दोघांनाही पोलीस उपअधीक्षकपद देऊन एकाच पंगतीत बसविले.